दोन काळांत चालणारी कादंबरी वाचताना नजर चित्रावर ठेवा

इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही एक इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी वाचत आहात. तिचा एक धागा सतराव्या शतकातील हार्लेम या डच नगरात, एका चित्रकर्तीच्या घरात चालतो, आणि दुसरा आजच्या लंडनमध्ये, तेच चित्र दुरुस्तीसाठी जिच्याकडे आले आहे त्या संवर्धिकेच्या कार्यशाळेत. प्रकरणे आलटून पालटून येतात. अर्ध्यावर येईपर्यंत तुमचा धागा सुटू लागला, आजच्या काळातील प्रकरणे कंटाळवाणी वाटू लागली आणि चित्रामागचे रहस्य काय असेल याचा अंदाजही आला. म्हणून जुन्या काळातील प्रकरणे तेवढी सलग वाचून मोकळे व्हावे का, असे तुम्ही विचारता, आणि अशा पुस्तकातील इतिहास कितपत खरा मानायचा, असेही. वाळपईच्या तुमच्या ग्रंथालयात लवकरच या पुस्तकावर चर्चा आहे, त्यामुळे ते पूर्ण करणे तुम्हाला भाग आहे.

मी फोंडा भागातील एका शाळेत इतिहास शिकवत असे आणि निवृत्तीनंतर ग्रंथालयाच्या वाचनमंडळाचे काम पाहते. या धाटणीच्या कादंबऱ्या आमच्या मंडळात पुष्कळ वाचल्या गेल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पुस्तकाच्या मध्यावर हीच तक्रार येते. लक्ष लागत नाही, नावे ध्यानात राहत नाहीत, आता वय झाले असावे, असे लोक म्हणतात. मला हे कारण पटत नाही. गावातील चार घराण्यांचे तीन पिढ्यांचे सोयरसंबंध जी माणसे न अडखळता सांगतात, त्यांना दोन काळांतील आठ-दहा पात्रे जड जातात, याचे कारण स्मरणशक्तीत असू शकत नाही. खरी अडचण अशी आहे की आपण अशी कादंबरी रहस्यकथेसारखी वाचतो. शेवटी काय निघणार याकडे डोळे लावून बसले की मधले प्रत्येक पान हा उशीर वाटू लागतो, आणि आपला अंदाज खरा ठरणार अशी खात्री झाली की उरलेले पुस्तक रिकामे होते. नावे विसरतात तीही त्यामुळेच, कारण ज्या माणसांना आपण केवळ रहस्याच्या वाटेवरचे टप्पे मानले, ती लक्षात राहण्याचे कारणच उरत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रकारच्या कादंबरीत प्रत्येक गोष्टीचे तीन भाग असतात. पहिला, त्या काळी प्रत्यक्ष घडले काय. दुसरा, त्यातून मागे उरले काय: एखादे चित्र, एखादे पत्र, हिशेबाच्या वहीतील एखादी ओळ. आणि तिसरा, उरलेल्यावरून आजच्या माणसाने मानले काय. हे तीन कधीच पुरते जुळत नाहीत, आणि कादंबरीचा सगळा जीव त्या न जुळण्यात असतो. जुन्या काळातील पात्राला पुढे काय होणार हे ठाऊक नाही, आजच्या पात्राला मागे काय झाले हे ठाऊक नाही, आणि दोघांचेही अज्ञान एकाच वेळी पाहू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे वाचक. लेखकाने तुम्हाला ही जागा मुद्दाम दिलेली असते. ती सोडून तुम्ही फक्त ‘पुढे काय’ विचारू लागलात, तर पुस्तक हातात असूनही ते वाचायचे राहून जाते.

हे उदाहरणाशिवाय कळणार नाही, म्हणून एक प्रसंग रचून सांगते. तुमच्या पुस्तकात तो जसाच्या तसा असेल असे नाही. समजा, वर्ष १६३६ आहे आणि हार्लेममध्ये प्लेगची साथ चालू आहे. चित्रकर्तीने गोठलेल्या कालव्याच्या दृश्यात आपल्या लहान मुलाला बर्फावर उभे केले आहे. मूल साथीत जाते. घरावर कर्ज आहे, म्हणून काही महिन्यांनी नवरा ते चित्र विकायला काढतो. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या रात्री ती मेणबत्ती लावून बसते आणि मुलाच्या आकृतीवर एक निष्पर्ण झाड रंगवते. प्रकरण संपते. पुढच्या प्रकरणात लंडनची संवर्धिका क्ष-किरणाची प्रतिमा उजेडाच्या पेटीवर ठेवते आणि झाडाच्या बुंध्याच्या जागी तिला एक छोटा, पांढुरका चेहरा दिसतो. तो दिसतो याचे कारण साधे आहे: त्या काळी कातडीचा गोरा रंग शिशापासून केलेल्या सफेद्यात कालवला जाई आणि शिसे क्ष-किरण अडवते. ती आपल्या टिपणात लिहिते, ‘मांडणीचा तोल साधण्यासाठी चित्रकाराने आकृती झाकली असावी.’

हे वाक्य व्यवसायाच्या दृष्टीने निर्दोष आहे. तिच्यापुढे जेवढा पुरावा आहे, तेवढ्यावरून याहून अधिक लिहिणे तिला शोभलेही नसते. पण ते वाचताना आपल्या पोटात तुटते, कारण त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात आपण तिथे होतो. हा परिणाम जुन्या प्रकरणात नाही आणि नव्यातही नाही. तो त्या दोन प्रकरणांच्या शेजारी असण्यात आहे.

जुना धागा आधी सलग वाचावा का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. पहिल्या वाचनात तसे करू नये. आमच्या मंडळात काही जणांनी तसे वाचून पाहिले आहे. त्यांना कथानक उत्तम सांगता येत होते, आणि जुन्या काळातील घराविषयी ते इतरांपेक्षा आपुलकीने बोलत होते, पण वरच्या टिपणासारखी वाक्ये त्यांच्या लेखी कोरड्या नोंदी होत्या. दहा-बारा प्रकरणांपूर्वी वाचलेला प्रसंग त्या वाक्यांपाशी त्यांच्यासोबत उरलेला नव्हता. मात्र पुस्तक एकदा क्रमाने वाचून झाल्यावर दुसऱ्या वेळी एकच धागा सलग वाचणे फार फलदायी असते. लेखकाने कोणती माहिती केव्हापर्यंत राखून ठेवली आणि कोणते प्रकरण निव्वळ उशीर करण्यासाठी घातले, हे तेव्हाच उघड होते. चर्चेपूर्वी वेळ मिळाला तर हे जरूर करा.

आता धागा सुटण्याविषयी. बहुतेक वाचक पात्रांची यादी करतात. ती निरुपयोगी नाही, पण त्याने धागा सापडत नाही, कारण पात्रे दोन काळांत वेगवेगळी आहेत आणि दोन्ही काळांत सामाईक असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे चित्र. म्हणून यादी चित्राची करावी. मी एक साधा कागद आडवा धरून त्याचे तीन रकाने पाडते. डावीकडे जुना काळ, उजवीकडे आजचा, आणि मधला रकाना सर्वांत रुंद आणि कोरा. प्रत्येक प्रकरण संपले की पुढचे उघडण्यापूर्वी दोनच प्रश्नांची उत्तरे लिहायची: चित्र आता कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे. वरच्या उदाहरणात डावीकडे येईल, ‘नवऱ्याने विकायला काढले, मुलाचे फक्त तिला ठाऊक.’ उजवीकडे येईल, ‘कार्यशाळेत, चेहरा दिसला, कोणाचा ते माहीत नाही.’ मधल्या रकान्यात सुरुवातीला काहीच येणार नाही.

हा मधला रकाना भरत जाणे म्हणजेच ही कादंबरी वाचणे, असे मी मंडळात आवर्जून सांगते. साडेतीनशे-चारशे वर्षे चित्र कोणाच्या भिंतीवर होते, कोणी कोणाला विकले, कोणी लपवले, कोणी त्यावर दुसऱ्याचे नाव घातले, याची साखळी चित्रव्यवहारात अतिशय मोलाची मानली जाते. युरोपात १९३३ ते १९४५ या वर्षांची कडी गहाळ असेल तर आज कोणतेही जबाबदार संग्रहालय ते चित्र निश्चिंतपणे स्वीकारत नाही, कारण त्या वर्षांत नाझींनी ज्यू कुटुंबांकडून असंख्य कलाकृती लुटल्या. अशा कलाकृती शोधून मूळ मालकांशी न्याय्य तोडगा काढण्याची तत्त्वे १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत अनेक देशांनी मान्य केली आहेत. तेव्हा तुमच्या पुस्तकात एखादा दलाल एखाद्या दशकाबद्दल मोघम बोलू लागला, तर ते दशक कोणते हे कागदावर अवश्य लिहा.

गोव्यातील वाचकांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे वारसाहक्काची इन्व्हेंटरी न्यायालयात चालते, तेव्हा मयत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी दाखल होते, तिचे मूल्यांकन होते आणि मग वारसांत वाटप होते, हे पुष्कळांनी स्वतःच्या घरी पाहिले आहे. सतराव्या शतकातील डच नोटरीही मृत्यूनंतर घरातील वस्तूंच्या अशाच याद्या करीत, कित्येकदा खोलीवार, आणि त्यांत चित्रांच्या नोंदी असत. आजच्या इतिहासकारांना त्या काळच्या सामान्य घरांत कसली चित्रे टांगलेली होती हे कळते, त्यात या याद्यांचा वाटा मोठा आहे. पण यादी करणारा माणूस चित्राचा जाणकार नसतो. तो ‘एक बर्फाचे दृश्य’ एवढेच लिहून पुढच्या खोलीत जातो. कादंबरीत अशी यादी आली तर ती घाईने ओलांडू नका; यादीत काय आहे यापेक्षा, लिहिणाऱ्याने काय ओळखले नाही, हे तिथे महत्त्वाचे असते.

एवढे सांगितल्यावर काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर साल आणि गाव छापलेले असेल तर कागदाची गरज कमी भासते. काही लेखक मुद्दाम ते देत नाहीत आणि पहिल्या परिच्छेदातील भाषेवरून काळ ओळखायला लावतात. फोनवर वाचत असाल तर मागे जाऊन ताडून पाहणे कटकटीचे होते, तेव्हा कागद अधिक उपयोगी. दिवसाकाठी दहा-पंधरा पानेच वाचायला मिळत असतील तर प्रकरणाच्या मध्ये थांबण्याऐवजी काळ बदलतो तिथे थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी मागील प्रकरणाचे शेवटचे पान पुन्हा वाचून पुढे जावे. केवळ करमणुकीसाठी वाचत असाल तर यातले काहीही करायला नको. तुमच्यापुढे चर्चा आहे म्हणून एवढे सांगते आहे.

आजचा धागा कंटाळवाणा का वाटतो, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुन्या काळात प्लेग आहे, कर्ज आहे, मूल दगावणे आहे. आजच्या काळात ई-मेल, विमानतळ आणि मोडत आलेला संसार आहे. जीवनमरणाच्या तुलनेत हे फिके वाटणारच. पण आजच्या पात्राचे काम दुःखाची बरोबरी करणे हे नाही. त्याचे काम चुकणे हे आहे. ते पुरावा पाहते, त्यावरून काहीतरी मानते आणि आपल्या डोळ्यांदेखत चुकीच्या दिशेने जाते. कधी पुन्हा फिरून बरोबर वाटेवर येते, कधी येतच नाही. पुढील प्रकरणे वाचताना संवर्धिकेच्या संसाराकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल, परंतु ती चित्राविषयी जे जे विधान करते त्याखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि ते विधान तिने कशाच्या आधारावर केले, हे स्वतःला विचारा. माझ्या अनुभवात एवढ्याने त्या प्रकरणांचा सूर बदलतो.

सगळ्याच कादंबऱ्या या कसोटीला उतरत नाहीत, हेही स्पष्ट सांगते. काहींत आजचे पात्र कधीच चुकत नाही. त्याला हवे ते पत्र हव्या त्या दिवशी माळ्यावरील पेटीत सापडते, त्यात सगळे सविस्तर लिहिलेले असते, आणि मग उरते ती एक प्रेमकथा. अशा पुस्तकात आजचा धागा हे निव्वळ वेष्टन असते, आणि तिथे तुमचा कंटाळा हा योग्य निवाडा आहे. ती पाने भराभर चाळलीत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मात्र हा निवाडा तीन-चार प्रकरणे वरील पद्धतीने वाचून मग करावा.

रहस्याचा अंदाज आला म्हणून रस गेला, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही काय ओळखले आहे, ते तपासून पहा. बहुधा आपण ‘काय’ ओळखतो: चित्र खरे तिने काढले होते, नवऱ्याने नव्हे, किंवा सही नंतरची आहे. पण हे कोणी लपवले, कोणापासून लपवले, आणि मुळात लपवले की कोणाला विचारावेसेच वाटले नाही, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत. याबाबत हार्लेममध्येच घडलेली एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. जुडिथ लेस्टर ही चित्रकर्ती १६३३ मध्ये तिथल्या सेंट ल्यूक गिल्डची, म्हणजे चित्रकारांच्या व्यावसायिक संघाची, सदस्य झाली. हे सदस्यत्व असल्याशिवाय स्वतःची कार्यशाळा चालवणे कठीण होते आणि स्त्रियांना ते क्वचितच मिळे. १६३६ मध्ये तिने यान मीन्से मोलेनार या चित्रकाराशी लग्न केले. त्यानंतरची तिची चित्रे अगदी थोडी ज्ञात आहेत. १६६० मध्ये ती वारली आणि पुढे तिचे नाव जवळजवळ पुसले गेले. तिची चित्रे मात्र नष्ट झाली नव्हती. ती फ्रान्स हाल्स या विख्यात चित्रकाराच्या नावावर भिंतीभिंतींवर लटकत होती. अशाच एका चित्रावर, हाल्सचे म्हणून विकल्या गेलेल्या, तिची खूण निघाली: जे आणि एल ही जोडलेली अक्षरे आणि शेजारी एक तारा. १८९३ मध्ये कॉर्नेलिस होफस्टेडे द ग्रोट या डच अभ्यासकाने ते चित्र तिचे असल्याचे दाखवले आणि तिथून तिचे नाव पुन्हा उजेडात आले.

यात कटकारस्थान शोधू गेलात तर फारसे हाती लागणार नाही. हाल्सच्या नावाला बाजारात भाव होता, चित्रांची धाटणी जुळत होती, आणि त्या चित्रांमागे एक बाई असेल असे कोणाच्या मनातही येत नव्हते. म्हणजे एक रहस्य असते जाणूनबुजून झाकलेले, दुसरे असते ठाऊक असणारी माणसे मेल्यामुळे हरवलेले, आणि तिसरे, सर्वांत जास्त काळ टिकणारे, ज्याबद्दल कोणी प्रश्नच विचारलेला नाही असे. तुमच्या कादंबरीतील रहस्य या तिन्हींपैकी कोणते आहे, की एका जागी सुरू होऊन दुसरीकडे सरकते, एवढा एकच विषय चर्चेत मांडलात तरी तासभर बोलणे होईल.

झाकलेले सगळे लपवलेलेच असते असे नाही, हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर जुन्या गोव्याला जाऊन या. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. ही मालिका १५४७ मध्ये तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने सुरू करवली आणि गास्पार कोरेया या बखरकाराच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रे रंगवली. त्यानंतर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याचे चित्र जोडले जात राहिले, आणि आपल्या दमट हवेत रंग खराब होऊ लागले की जुन्या चित्रांवर पुन्हा पुन्हा हात फिरवला गेला. पुढे त्यातील काही चित्रे तपासणी व दुरुस्तीसाठी लिस्बनला नेली, तेव्हा वरच्या रंगाखाली आधीचे थर निघाले. एखाद्या चित्रासमोर उभे राहून चेहरा, हात आणि अंगरखा हे तिन्ही एकाच हाताचे वाटतात का, ते पहा. इथे झाकण्यामागे हेतू जपण्याचा होता. तरीही मूळ चेहरा झाकला गेला तो गेलाच. तुमच्या कादंबरीत एक थर दिसला की लगेच गुपित समजू नये, एवढ्यासाठी हे सांगते.

आणि तिथून चालत गेले तर मोन्त सांतच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा मनोरा उभा आहे. घडले, उरले आणि मानले या तिन्हींचा इतका पूर्ण नमुना मला कोणत्याही कादंबरीत मिळालेला नाही. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला, धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल, इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे छळ करून मारण्यात आले. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतील काही भाग १६२७ मध्ये गोव्यातील आपल्या मठात आणला. हे घडले. उरले ते कागदावर: मठाच्या चॅप्टर सभागृहात, म्हणजे मठवासी सभेला जमत त्या दालनात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत हे अवशेष ठेवले आहेत, अशी नोंद. पण १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, आणि ज्या खिडकीची खूण कागदावर होती ती खिडकी असलेली भिंतच दगडमातीच्या ढिगात गेली. कागद शाबूत होता, आणि तो ज्या जागेकडे बोट दाखवत होता ती जागा नाहीशी झाली होती.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात कालांतराने तिथे हाडे मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्यांच्या डीएनएची तपासणी झाली, तेव्हा एका हाडाचा मातृवंश असा निघाला की जो भारतातील नमुन्यांत आढळत नाही आणि जॉर्जियातील नमुन्यांत आढळतो. २०२१ मध्ये त्या अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाच्या स्वाधीन केला. आता यातील तर्क नीट पहा. डीएनए फक्त वंश सांगतो, तो ‘ही केतेवान’ असे नाव सांगू शकत नाही. नाव कागदातून आले. कागद जागा सांगत होता, पण जागा सापडली फावड्याने. तिघांपैकी एकटा कोणीच पुरेसा नव्हता. तुमच्या कादंबरीतील संवर्धिका एकाच पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढत असेल, तर थांबून शंका घ्यावी ती याच कारणासाठी.

इतिहास कितपत खरा, या शेवटच्या प्रश्नाकडे येते. वाचता वाचता तपासू नका. त्याने दोन्ही कामे बिघडतात. शंका कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवा आणि पुस्तक संपल्यावर पहा. लेखकाची टीप बहुधा शेवटी असते आणि तीत शेवट फुटलेला असतो, म्हणून तीही आधी वाचू नये. तपासताना तीन गोष्टींना मी वेगवेगळे माप लावते. काळाची चौकट खरी असलीच पाहिजे: १६३५ ते १६३७ या काळात हार्लेममध्ये प्लेग होता, फेब्रुवारी १६३७ मध्ये ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा तिथूनच कोसळू लागला, गिल्डचे नियम होते; इथे लेखकाला सूट नाही. माणसे कल्पित असायला हरकत नाही. ज्या चित्रकर्तीचे एखादे-दुसरेच चित्र उरले आहे किंवा एकही उरलेले नाही, तिच्या घरात कादंबरीकार नाही शिरणार तर कोण शिरणार. मनातले संवाद तर कल्पितच असतात आणि त्यासाठीच आपण कादंबरी वाचतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तंत्र, आणि इथे मी कडक आहे, कारण रहस्य तंत्रावरच उभे असते. प्रशियन निळा रंग १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये तयार झाला. सतराव्या शतकातील चित्रात तो सापडला तर त्या जागी नंतर रंगकाम झाले आहे किंवा चित्रच नंतरचे आहे. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो विसाव्या शतकात. शिसे आणि कथिल यांचा पिवळा रंग सतराव्या शतकात सर्रास वापरात होता. अठराव्या शतकात तो मागे पडत गेला, पुढे विस्मरणात गेला आणि १९४१ मध्ये पुन्हा ओळखला गेला. म्हणजे कादंबरीतील नकलाकार, म्हणजे बनावट जुनी चित्रे काढणारा, १९२० च्या दशकात तो पिवळा जाणूनबुजून वापरत असेल, तर त्याला तो कसा ठाऊक झाला, हे लेखकाला सांगावे लागेल. उलट नकलाकार रंगाच्या अशाच चुकीमुळे पकडला गेला तर लेखकाने अभ्यास केला आहे असे समजा. हान व्हान मेगेरेन या डच नकलाकाराने सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मेर याच्या नावावर खोटी चित्रे खपवली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची चौकशी झाली तेव्हा एका चित्रातील निळ्यात कोबाल्ट निळा मिसळलेला निघाला, आणि तो रंग एकोणिसाव्या शतकातला आहे.

क्ष-किरणांप्रमाणेच इन्फ्रारेडची तपासणीही अशा पुस्तकांत हमखास येते. ती रंगाखालचे कोळशाचे किंवा काळ्या शाईचे रेखाटन दाखवते. हेतू यातले काहीही दाखवत नाही. एखादी संवर्धिका यंत्राच्या पडद्याकडे पाहून ‘तिला पश्चात्ताप झाला होता’ असे म्हणाली, तर ते यंत्राचे नव्हे, लेखकाचे बोलणे आहे.

तुम्ही अर्ध्यावर आहात, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करू नका. आतापर्यंतचे जेवढे आठवते तेवढे डाव्या आणि उजव्या रकान्यात आठवणीने लिहा, पुस्तक न उघडता. जे आठवत नाही तेवढ्यापुरती पाने मागे जाऊन पहा आणि पुढच्या प्रकरणापासून नेहमीप्रमाणे चालू ठेवा. चर्चेला जाताना कागद सोबत न्या. मंडळातील इतरांच्या मधल्या रकान्यात तुमच्यापेक्षा वेगळ्या नोंदी असतील, आणि त्या कोणत्या पानावरून आल्या हे एकमेकांना विचारून चर्चा सुरू करता येईल.